चुडाव्याचा पहिला तास

परभणी,
१७ मे १९९४

प्रिय उमे,

तुझं कार्ड मिळालं. 'इकडे सर्व क्षेम' यापलीकडे तू काही लिहीत नाहीस. आणि कार्डावर लिहिणार तरी काय म्हणा, पोस्टमनपासून दुकानातल्या नोकरापर्यंत सगळे वाचतात. मी हे पाकिटात घालतोय, कारण लांबणार आहे. सकाळपासून लाईट नाही. वरच्या खोलीत पत्र्याखाली भट्टी झालीय, म्हणून खाली अप्पांच्या दुकानात कापडाच्या गठ्ठ्याला टेकून लिहितोय. अप्पा समोर पेंगताहेत. मधेच एक डोळा उघडून विचारतात, लाईट आली का. नाही म्हटलं की त्यांना जरा बरंच वाटतं, असा मला आजकाल संशय येतो. त्यांच्या मते पुण्यातली कंपनीची नोकरी सोडून इथं येऊन 'स्वतःचं काहीतरी' करणं म्हणजे उसाच्या राज्यात जाऊन गवत कापून आणणं. पूर्वी मी वाद घालायचो. आता घालत नाही, दमलोय.

'शाळेचं वेळापत्रक पाच मिनिटांत' ही पाटी अजून जिन्याशी आहे. उन्हानं 'पाच' पुसट झालंय, त्यामुळे लोक किती मिनिटांत ते विचारायला वर येतात आणि थंड पाणी पिऊन जातात. त्या पाटीवरून तुझं नि माझं भांडण झालं होतं, आठवतं का? तू म्हणालीस, मराठीत आपल्या प्रोग्रॅमचं नाव, 'तासिका', एवढंच मोठं लिही, बाकी बढाई कशाला. मी म्हणालो, बढाई मारल्याशिवाय परभणीत कुणी जिना चढत नाही. दोघांचंही खरं निघालं.

ते दिवस मला या उकाड्यात फार आठवतात. तुझी बी.एस्सी. नुकतीच संपली होती, मी पुण्याहून कॉम्प्युटरचं जुनं मशीन ट्रकवर टाकून आणलं होतं, आणि आपली आई त्याला हळदीकुंकू लावू की नको म्हणून विचारत होती. मी चौकटीच्या कागदावर एकेक ठिपका मोजत 'क्ष' आणि 'ज्ञ' काढत बसायचो, म्हणजे पडद्यावर आणि छपाईत मराठी दिसावं. तू पलीकडे भाजी निवडता निवडता एकदम उठायचीस, हात पदराला पुसून चार ओळी टाइप करायचीस आणि परत मेथीकडे. कोणता मास्तर कोणत्या वर्गावर कधी, एका वेळी दोन ठिकाणी कुणी अडकणार नाही, गणित जेवणानंतर येणार नाही, हा सगळा विचार त्या मेथीच्या जुडीपाशी झाला. लोक मला 'कॉम्प्युटरवाले गुरुपाद' म्हणतात. माझी अक्षरं सुंदर आहेत, यात वाद नाही. पण नुसत्या अक्षरांनी शाळा भरत नाही.

मुख्याध्यापकांच्या सभेत आपण 'तासिका' पहिल्यांदा दाखवली, तेव्हा मी कोट घालून पुढे आणि तू मागच्या रांगेत कन्याशाळेच्या कमलबाईंच्या शेजारी. कुणी अवघड विचारलं की मी चष्मा पुसायचो आणि तुझ्याकडे बघायचो. तू मान हलवलीस की मी ठणकावून 'होईल' म्हणायचो. एकदा तू मान आडवी हलवलीस तरी मी 'होईल' म्हणालो, आणि पुढचा आठवडाभर तू माझ्याशी बोलली नाहीस, फक्त ते करून दिलंस. त्या सभेतून तीन शाळा मिळाल्या. घरी येताना आपण स्टेशनवर भजी खाल्ली आणि अख्खा मराठवाडा आपलाच, असं ठरवून टाकलं. मग तुझं लग्न जमलं, तू सोनपेठला गेलीस, आणि मराठवाडा तसाच राहिला.

आता चुडाव्याचं सांगतो. तिथल्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक दिनकरराव, माणूस सज्जन. दिवाळीनंतर त्यांनी 'तासिका' घेतली. मी सगळ्या मास्तरांची नावं, विषय भरले आणि असं देखणं वेळापत्रक छापून दिलं की त्यांनी ते काचेत लावलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला सहापैकी चार वर्गांवर कुणीच नव्हतं. का, तर मास्तर गाडीत होते. दोन मास्तर सोडले तर सगळे अप-डाऊन करणारे, पॅसेंजरनं येतात. आणि पॅसेंजर म्हणजे तुला माहीतच आहे. तिथला शिपाई आश्रुबा घंटा घड्याळ बघून देत नाही, गाडीचा धूर बघून देतो. पहिला तास गाडी येईपर्यंत चालतो. गाडी लेट झाली की तास लांबतो, वेळेवर आली की आखडतो. हे गावाला, पोरांना, इन्स्पेक्टरसाहेबांनासुद्धा ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते फक्त आपल्या मशीनला.

मग तोवर शाळा चालते कशी? तर गावात राहणारे ते दोन मास्तर सांभाळतात. पाचवी ते सातवी एका मास्तरापुढे लिंबाखाली, आठवी ते दहावी दुसऱ्यापुढे व्हरांड्यात. कधी पाढे, कधी कविता, कधी नुसती शिस्त. मी हे मशीनला सांगायला गेलो तर पडद्यावर तुझं वाक्य आलं: 'असे वेळापत्रक शक्य नाही.' दिनकरराव ते वाचून हसले नाहीत, रागावलेही नाहीत. फार शांतपणे म्हणाले, "गुरुपाद, वीस वर्सं झाली, हे असंच चालू हाय. शक्य न्हाई म्हनतंय तर आमी करायलाव ते काय हाय मग?"

मी म्हणालो, करून देतो.

जानेवारीत विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांत एसट्या बंद होत्या, बाजार बंद होता, कुठं जायचं नव्हतं. मी वर बसून तेच करत राहिलो. एक मास्तर एका वेळी एकाच वर्गावर, हा तुझा नियम काढून टाकला. 'तासिका'नं ताबडतोब एका मास्तराला दिवसभर सगळ्या वर्गांवर बसवलं आणि बाकीच्यांना सुट्टी दिली. नियम परत घातला, की शक्य नाही. अर्धा काढावा म्हटलं तर अर्धा कुठून सुरू होतो तेच कळेना. तुझ्या ओळी मी इतक्यांदा वाचल्यात की त्या आता स्वप्नात मेथीसारख्या दिसतात. फेब्रुवारीत चुडाव्याला गेलो तर एकाच डब्यातून येणारे मास्तर एकमेकांशी बोलत नव्हते. नामांतरावरून कुणी काय म्हणालं, कुणाला काय लागलं, कोण जाणे. पण उतरले की तेच मास्तर एकमेकांचे वर्ग सांभाळून घेत होते. हे कोणत्या चौकटीत भरायचं, सांग.

त्यात दुसरी गोष्ट अशी की हा प्रश्न एकट्या चुडाव्याचा नाही. ताडकळसला बाजाराच्या दिवशी निम्मी शाळा रिकामी. दुसरीकडे एसटीची वाट बघतात. प्रत्येक मुख्याध्यापक म्हणतो, चुडाव्याचं जमलं की आम्हाला सांगा. जूनमध्ये शाळा उघडतील. तोवर नाही जमलं तर या वर्षी कुणी दारात उभं करणार नाही, आणि पुढच्या वर्षापर्यंत तग धरायची ताकद माझ्यात नाही. पुण्याहून माझ्या जुन्या कंपनीतल्या मुंजाजीचं पत्र आलंय, भोसरीच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागात जागा आहे, एक जूनला हजर हो म्हणून. मी ते पत्र अप्पांना दाखवलेलं नाही. दाखवलं तर ते आजच वळकटी बांधतील.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे आलो होतो ते सहज म्हणून आलो नव्हतो. पिशवीत चुडाव्याचा सगळा गुंता छापून आणला होता. तू चहा घेऊन आलीस, पदर सावरत विचारलंस, "अण्णा, ते चाललंय का?" आणि मी म्हणालो, झकास चाललंय. समोर दाजी होते, दोन गिऱ्हाइकं होती, सासूबाई होत्या. त्यांच्यासमोर तुला पिशवी उघडून काय दाखवू? तू आत गेलीस. मग सासूबाई तुझं कौतुक सांगत बसल्या. तीन सुनांच्या घरात पाण्याच्या, चुलीच्या, गोठ्याच्या पाळ्यांवरून रोज तोंड वाजायचं, ते तू आल्यापासून बंद झालं. तू सगळ्यांच्या पाळ्या लावून दिल्यास. मी विचारलं, एखादीला बरं नसलं तर? त्या म्हणाल्या, "मग एकीनं दोघींचं करायचं, पर सकाळपुरतंच. दुपारून आपापलं. उमानं तसं ठरवूनच ठेवलंय."

उमे, माझ्या हातातला चहा तसाच राहिला. चार महिने मी ज्याच्यावर डोकं फोडत होतो ते तू सोनपेठच्या स्वयंपाकघरात लावून मोकळी झाली होतीस. नियम मोडायचा, पण सकाळपुरता. मला इतका आनंद झाला आणि इतकं वाईट वाटलं की मी पुढची एसटी आहे म्हणून उठलो. एसटी नव्हती. स्टँडवर दोन तास बसून राहिलो.

परत आलो आणि तेही करून बघितलं. उत्तर कळलं तरी मला ते लिहिता येत नाही. तू मागे एकदा लिहिलं होतंस, 'अण्णा, तुला जमेल.' कृपा करून तसं पुन्हा लिहू नकोस. मला जमत नाही. अक्षरं जमतात, जिने चढणं जमतं, 'होईल' म्हणणं जमतं. हे नाही.

तर आता मुद्द्याचं. स्टँडवरून मी सरळ घरी आलो नव्हतो. एसटी लागायच्या आधी पुन्हा तुमच्या दुकानात गेलो आणि दाजींना सगळं सांगितलं. मशीन सोनपेठला आणून ठेवलं तर चालेल का, असं विचारलं. ते म्हणाले, माडीवरची खोली रिकामीच आहे. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आणा, आम्हालाही बघू द्या काय करते ती. इथं येऊन अप्पांना विचारलं, आईला विचारलं. दिनकररावांना जाऊन सांगितलं की 'तासिका' माझी बहीण बनवते, तर ते म्हणाले, एवढे दिवस बोललास का नाहीस. सगळे हो म्हणाले. सगळ्यांना विचारून झाल्यावर काल रात्री लक्षात आलं, तुलाच कुणी विचारलेलं नाही. म्हणून हे पत्र. तुला हे करायचंय का, उमे? नसेल तर तसं लिही, कार्डावर लिहिलंस तरी चालेल. मी पुण्याला जाईन आणि तुझ्यावर मुळीच रागावणार नाही.

तुझाच,
गुरुपाद अण्णा