तांबड्या ताऱ्याची चुकलेली नोंद

दादा,

बाबांच्या वह्या मी कॉम्प्युटरवर चढवतेय. ते गेल्यावर त्यांच्या हौशी तारे-निरीक्षकांच्या मंडळानं त्या मागितल्या. अठ्ठावीस वर्षं एकाच तांबड्या राक्षसी ताऱ्याच्या नोंदी. तो फुगतो, आक्रसतो, उजळतो, मंदावतो, सगळं अकरा महिन्यांत. आपल्या घरात इतक्या वेळेवर मूड कुणाचाच बदलत नसे.

त्यांचा नियम तुला आठवत असेल, आपल्याला टपल्या मारून शिकवलेला. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बघायचं नाही. जितकं बघत राहाल, तितका तो जास्त उजळ वाटतो. झटकन बघायचं, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून तेजाचा आकडा लिहायचा आणि गच्चीवरून खाली यायचं.

बाबांचे आकडे मंडळातल्या इतरांशी चोख जुळतात. फक्त एक महिना सोडून. तू भांडून घर सोडलंस, तो महिना. तारा तेव्हा मंदावत होता, बाकी सगळ्यांनी तसंच लिहिलंय. बाबांच्या वहीत मात्र तो रोज उजळ आहे. तेव्हा जेवायला हाका मारल्या तरी ते खाली यायचे नाहीत. "आकाश स्वच्छ आहे," म्हणायचे. तुझं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

हे पत्र मी पाठवणार नाही. तू म्हणशील, "मोतीबिंदू असेल."

मंडळाच्या फॉर्मात चुकलेल्या नोंदीपुढे कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, "निरीक्षक गच्चीवर गरजेपेक्षा जास्त वेळ थांबत होते." कुणासाठी, असा रकाना त्या फॉर्मात नाही.

तुझी,
धाकटी