रद्द झालेल्या नाटकाचा पहिला प्रयोग

४ नोव्हेंबर

शाळेतून फोन! मी एका गृहस्थांच्या अक्कलदाढेशी कुस्ती खेळत होते, हातात मोजे, म्हणून मदतनीस मुलीनं फोन माझ्या कानाशी धरला. शाळेच्या सुवर्णमहोत्सवात यशस्वी माजी विद्यार्थ्यांचा सत्कार आहे. आमच्या वर्गातले चौघं निवडलेत. हृदयाचा सर्जन, हायकोर्टाचा न्यायाधीश, विमान चालवणारी कॅप्टन — आणि मी!

"चुकून लागला का हो फोन?" मी विचारलं.

"नाही मॅडम. दातांच्या डॉक्टर तुम्हीच ना?"

मीच. मीच की! आनंदाच्या भरात त्या गृहस्थांना सगळी हकिगत सांगितली. तोंडात आरसा होता, ते नुसतं "आं" म्हणाले. मी ते अभिनंदन म्हणून घेतलं.

लेक म्हणते, "आई, त्यांना फुकटात दात तपासून हवे असतील."

कार्टी!

९ नोव्हेंबर

शाळेत बैठक. फाटकातून शिरताना हात आपोआप पुढे झाले — नखं दाखवायला. पन्नाशी आली तरी! टेकडीवरची तीच लाल विटांची इमारत, जिन्याच्या कठड्याला तोच चिकटपणा. वडिलांनी हौसेनं या खाजगी शाळेत घातलं, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. आज वडील असते तर त्यांना मिरवत नेलं असतं.

सर्जन आला. त्याला शाळेत आम्ही बोका म्हणायचो, कारण कुणाचाही डबा त्याच्या तावडीतून सुटायचा नाही. कॅप्टन म्हणजे आमची कांडी — अजून तशीच, फुंकर मारली तर उडेल. न्यायाधीश मात्र रुंद झालाय. आणि मी पोपट. नाटकाच्या तालमींत सगळ्यांची वाक्यं पुटपुटायची म्हणून.

सचिवांनी कार्यक्रम सांगितला: प्रत्येकानं भाषण करायचं, शाळेनं मला काय दिलं.

तेवढ्यात मागून काठी आपटली. नाटकाच्या बाई! ऐंशी ओलांडली, लग्नसंसाराच्या भानगडीत कधी पडल्या नाहीत, निवृत्तीनंतरही दर शनिवारी मुलांचा नाट्यवर्ग घेतात.

"भाषणं कसली करताय? माझं राहिलेलं नाटक करा."

सगळ्यांनी चोरून खिडकीकडे पाहिलं. तिथे गणिताचे सर बसले होते. त्यांनीच तर ते नाटक बंद पाडलं होतं! आम्ही शेवटच्या वर्षाला असताना "जादा तास घ्यायचेत" म्हणून त्यांनी सभागृह मागितलं, प्रयोग लांबत लांबत गेला आणि शेवटी रद्दच झाला. तेव्हापासून बाई त्यांच्याशी बोलत नाहीत. दोघं याच गावात एकेकटे राहतात, तरी!

सर उठले. पँट अजून छातीपर्यंत. म्हणाले, "माझी हरकत नाही."

बाई छताकडे बघून म्हणाल्या, "विचारलंय कुणी?"

१० नोव्हेंबर

करायचं ठरलं!! "राजाचं घोरणं." एक राजा इतका घोरतो की अख्खं राज्य जागं. बोका राजा, कांडी राणी, न्यायाधीश पहारेकरी. मी तेव्हाचीच — विंगेत स्टुलावर, हातात संहिता.

१७ नोव्हेंबर

पहिली तालीम. हसून हसून बरगड्या दुखतायत.

न्यायाधीशाला एकच वाक्य आहे: "कोण आहे तिकडे?" ते त्यानं इतक्या गंभीरपणे म्हटलं की बाई ओरडल्या, "अरे, जामीन नाकारतोयस का त्याला?" उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कान धरून उभे! बोका दर दहा मिनिटांनी फोन बघतो. बाईंनी तो काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. बोका म्हणाला, "बाई, पेशंट असतात." बाई म्हणाल्या, "वाजला तर देईन. तू नको बघूस."

सर मागच्या बाकावर बसून होते. कशाला येतात कोण जाणे.

२४ नोव्हेंबर

आज जुंपली! चहाच्या वेळी कांडी सहज म्हणाली, "बाई, तुमच्यामुळे मी वैमानिक झाले. मला उंचीची भीती होती आणि तुम्ही मला चंद्र करून शिडीवर बसवलं होतंत."

मागच्या बाकावरून आवाज आला. "विमान शिडीनं उतरत नाही. कोनानं उतरतं. कोन मी शिकवले."

बाईंनी मान वळवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरांना थेट उत्तर दिलं! "आणि हा बोका? डबे चोरले म्हणून मी त्याला फाटका पडदा शिवायला बसवला. तिथे टाके शिकला हा."

"टाके हातानं घालतात. कुठे घालायचे ते डोकं सांगतं. डोकं माझं."

"न्यायाधीश वर्गात अखंड बडबडायचा. एका वाक्याची भूमिका देऊन मी त्याला ऐकायला शिकवलं!"

"पुरावा मागायला कुणी शिकवलं? भूमितीनं!"

आम्ही टेनिस बघावं तसे माना हलवत होतो. न्यायाधीश म्हणाला, "दोन्ही पक्ष ऐकले, निकाल राखून ठेवतो." कांडीच्या नाकातून चहा आला.

मग मी — मला अवदसा आठवली — विचारलं, "आणि मला कुणी घडवलं?"

दोघांनी एकदमच चहाचे कप उचलले. सर म्हणाले, "तू शांत होतीस." बाई म्हणाल्या, "तुझा काही त्रासच नव्हता गं."

सगळे हसले. मीही हसले.

२५ नोव्हेंबर

त्रास नव्हता. बरं.

दिवसभर दाढाच दाढा.

१ डिसेंबर

लेकीला सांगितलं ते. मला वाटलं टोमणा मारेल. तर म्हणाली, "आई, तुझ्या खुर्चीत बसलेली माणसं रडत येतात आणि हसत जातात. ते कुठल्या विषयात शिकवतात?"

तिला घट्ट धरलं. तिला ते आवडत नाही. तरी धरलं.

७ डिसेंबर

रंगीत तालीम. बोक्याच्या मिशा सारख्या सुटतात. मी कवळी चिकटवायची पेस्ट लावून दिली — आता भूकंप झाला तरी हलायच्या नाहीत! बाई म्हणाल्या, "पोपट, तू नसतीस तर काय केलं असतं गं." बाई, आत्ता म्हणताय!

१४ डिसेंबर

काय झालं, कुठून सांगू! अक्षर कावळ्याच्या पायासारखं येतंय.

सभागृह खच्चून भरलेलं. पहिला अंक झकास. न्यायाधीशाचं "कोण आहे तिकडे?" आणि टाळ्यांचा पाऊस! दुसऱ्या अंकाआधी बाईंच्या पर्समध्ये फोन वाजला. बोक्यानं आदल्या दिवशी ऑपरेशन केलेला पेशंट एकदम बिघडला होता.

बोका एका क्षणात बोक्याचा सर्जन झाला. चेहराच बदलला. झगा काढून माझ्या अंगावर फेकला. "पोपट, तुला सगळं पाठ आहे." मिशा निघेनात! पेस्ट माझीच! शेवटी ओरबाडून काढल्या, अर्धी मिशी ओठावर तशीच ठेवून गाडीकडे पळाला.

मी म्हटलं, "बाई, मला नाही जमणार. मी कधी उजेडात उभी राहिलेच नाहीये."

बाईंनी माझ्या ओठावर उरलेली मिशी दाबली. "ऊठ. उभी राहा." आणि काठीनं ढकललं. खरंच ढकललं!

उजेड. समोर नुसता काळोख आणि खोकले. पहिली वाक्यं सुरळीत गेली. लोक हसले. मला बघून हसले! दातांची डॉक्टर, एकीकडून लोंबणारी मिशी, पायात अडकणारा झगा. काय सुख असतं ते! मग राजाचं मोठं स्वगत आलं, सगळं राज्य त्याला सोडून निघालंय तेव्हाचं — आणि डोकं कोरं. ठार कोरं. संहिता माझ्याच कमरेला खोचलेली, झग्याच्या आत. विंगेतलं स्टूल रिकामं.

इतक्यात कुजबुज आली. "मी झोपलो, म्हणून तुम्ही जागलात..."

सर! स्टुलावर गणिताचे सर! हातात कागद नाही, काही नाही. ओळीमागून ओळ देत होते, कुठे श्वास घ्यायचा तेसुद्धा. मी धरून धरून पुढे गेले. शेवटी राजा एकटा सिंहासनावर बसतो नि घोरतो. मी असं घोरले, असं घोरले की तिसऱ्या रांगेतून लेकीचा आवाज — "घरीसुद्धा अशीच!"

हशानं सभागृह कोसळलं.

पडदा पडल्यावर बाई आल्या. माझ्याकडे नाही, सरांकडे. "पाठ कधी केलंत?"

"केलं नाही. तुमच्या तालमी चालायच्या, माझा वर्ग भिंतीपलीकडे."

"मग बंद का पाडलंत?"

सर चष्मा पुसत राहिले. "बंद नव्हतं पाडायचं. नुसतं लांबवत होतो. प्रयोग झाला की तालमी संपल्या असत्या ना. मग परीक्षाच आली."

बाईंनी काठी उचलली आणि न आपटताच हळूच टेकवली. बाईंनी! न्यायाधीश हळूच म्हणाला, "चला रे, आपण खुर्च्या आवरू."

मग माझी आठवण झाली त्यांना. बाई म्हणाल्या, "बघितलंत? ही माझी विद्यार्थिनी!" सर म्हणाले, "चुकताय. अडल्यावर थांबली, पायरी शोधली, पुढे गेली. ही माझी." बाईंनी काठी आपटली. "माझी!" "माझी!"

मिशी लावून, दोघांच्या मध्ये, मी भोकाड पसरलं.

१५ डिसेंबर

बोक्याचा निरोप: पेशंट शुद्धीवर आला. डोळे उघडून पहिलं काय म्हणाला? "डॉक्टर, अर्धीच मिशी का?"

१९ डिसेंबर

अजून पाय जमिनीवर नाहीत. आज एका बाईंची दाढ भरता भरता राजाचं स्वगत म्हटलं. त्यांनी भूल दिलेल्या तोंडानं "वन्स मोअर" मागितला.

११ जानेवारी

सकाळी बाईंचा फोन. "या शनिवारपासून नाट्यवर्ग तू घे. मुलं वाट बघतील, उशीर करू नकोस."

"घेते! पण तुम्ही कुठे?"

"ह्यांनी अजून समुद्र पाहिला नाहीये. दाखवून आणते."

मी "बरं बरं" म्हणून फोन ठेवला, मोजे चढवले, दिवा पेशंटच्या तोंडावर धरला. आणि मग डोक्यात शिरलं.

"ह्यांनी"!!