अडकित्ता रिकामा वाजवायचा नाही

माझ्या लाडक्या, तोंडाळ आत्या,

तुझा घोड्याच्या आकाराचा पितळी अडकित्ता विकला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तू मला पुढचं धड बोलू द्यायची नाहीस. आज सकाळी पहिल्यांदा आपल्या युसूफ वडगाव गावाहून केजला माझ्या दुकानात स्वतःच्या स्कूटीवर, एकटी आले. ब्लाउज शिवायला बसले, पण हात काही मशिनवर ठरेना. म्हणून वही ओढली.

शेवटच्या आजारपणात तू म्हणाली होतीस, "नंदे, माझ्यामागं ह्यो विक आन् गाडी घे. भावाच्या मागं बसून किती दिस दुकानाला जाशील? पण मोडीत घालू नको. ज्याला कळतंय त्यालाच दे." वा गं वा! ज्याला कळतं तो ओळखायचा कसा, हे कोण सांगणार होतं?

सासर कायमचं सोडून आलीस तेव्हा आजेसासूनं दिलेला हा अडकित्ता तेवढा तुझ्या कमरेला होता. दागिने तिकडंच राहिले. त्याचं तुला कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. सुपारी जाड कातरली गेली की मात्र तुझा सगळा दिवस खराब जायचा.

विकायचा ठरल्यावर मी आधी काय केलं असेल? चिंच घेऊन घासायला बसले. गिऱ्हाइकापुढं मळकी वस्तू ठेवायची का? घोड्याची एक बाजू लखलखीत झाली आणि दादा मोबाइल घेऊन धावत आला. "आगं थांब, जुनी वस्तू घासायची नसती म्हणं, किंमत जाती." झालं. एका बाजूनं घोडा कोरा, दुसऱ्या बाजूनं तुझ्या काथ-चुन्याचा.

केजच्या भांडेवाल्यानं तो थेट तराजूत टाकला. मी तसाच उचलून परत आणला. दादानं मोबाइलवर फोटो टाकला, तर लोक भाव विचारायच्या आधीच कमी करायला लागले. एकानं विचारलं, सोबत पानाचा डबा फुकट आहे का?

मग संभाजीनगरहून जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला. माणूस जाणकार. पातं पोलादी आहे, घडण किती पिढ्यांपूर्वीची आहे, सगळं बघताक्षणी सांगितलं. किंमत अशी बोलला की त्यात कोरी गाडी आली असती. आणि बोलता बोलता हातातला अडकित्ता रिकामाच वाजवत राहिला. कट कट, कट कट.

लहानपणी मी एकदा तसा वाजवला होता, तेव्हा तुझी चापट बसली होती. "रिकामा वाजवू न्हाई, घरात भांडनं व्हत्यात." मी त्या माणसाला नाही म्हणाले. दादा भडकला. "एका सुपारीपायी कोरी गाडी घालवलीस?" दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. म्हणजे बघ, भांडण झालंच! तुझं खरं ठरलं याचा मला त्या रागातही आनंद झाला.

तिसऱ्या दिवशी बीडचे गफूरचाचा आले. घड्याळं दुरुस्त करतात आणि जुने अडकित्ते जमवतात. माझ्या एका गिऱ्हाइकानं त्यांना कळवलं होतं. अडकित्ता हातात घेऊन त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या आणि हसले. "एका बाजूनं नवरी, एका बाजूनं सासू." मग म्हणाले, "बेटा, सुपारी हाय का घरात? रिकामा कशाला वाजवायचा?"

आत्या, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आणि घरात सुपारी नाही! तू गेल्यापासून खातंय कोण? होती ती देवघरात, गणपती म्हणून पुजलेली. त्याला थोडाच कातरणार? शेवटी दादाच उठला आणि किराणा दुकानातून घेऊन आला. चाचांनी इतकी बारीक कातरली की तूसुद्धा नावं ठेवली नसतीस. पहिली चिमूट त्यांनी दादाला दिली. तो बराच वेळ चघळत बसला, मग मला म्हणाला, "दिऊन टाक ह्यांनाच."

चाचांची किंमत त्या व्यापाऱ्यापेक्षा कमी होती. म्हणून गाडी जुनी घेतली. आरसा एकच आहे, हॉर्न मात्र दणदणीत. खंत एवढीच की तुला मागं बसवून एक चक्कर मारायची राहिली. माझी कंबर घट्ट धरून तू वाटभर मला शिव्या दिल्या असत्यास, आणि उतरल्यावर पुन्हा ने म्हणाली असतीस.

पण विकताना मी एक अट घातली आहे, आणि चाचांनी ती लगेच मान्य केली. दर वर्षी तुझ्या तिथीला अडकित्ता तासभर माझा. मी स्वतः गाडी चालवत बीडला जाईन, चाचांच्या दुकानात बसेन आणि कातरेन, तुझ्यासारखी बारीक जमेपर्यंत. सुपारी आजच घेऊन डिकीत टाकली आहे. माझ्या हातात तुझा अडकित्ता कधी रिकामा वाजणार नाही.

आता कुणाच्या मागं न बसणारी,
तुझी नंदी