दुसरी मोजणी

जुने शहर, अकोला
४ एप्रिल २०२५

ती. पंचफुला आत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. बियाणे तपासणीच्या ज्या लॅबमध्ये तू पंचवीस वर्षं काढलीस, तिथे मी इन्चार्ज होऊन सहा महिने झाले. आता तुला ती ओळखू येणार नाही. भिंतीवर फळा लावला आहे. रोज कोणी उगवणीचे किती नमुने मोजले ते त्यावर लिहितो. नागपूरच्या एका हॉटेलात तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. माणसांना हाकायचं नसतं, स्पर्धेला लावायचं असतं, हे तिथे शिकलो. एकीनं मोजलेलं दुसरीनं पुन्हा मोजायचं, ही तुझ्या काळची पद्धत बंद केली. सगळ्या लॅबचे मिळून दिवसाला चौदा नमुने होत, आता सव्वीस होतात. मालक खूश आहेत.

अडचण तुझ्या वेळच्या बेबीताईची. फळ्यावर तिच्यापुढे पाचच्या वर आकडा जात नाही. जेवणाच्या सुटीत इतरांचे नमुने पुन्हा मोजत बसते. विचारलं तर म्हणते, सवय आहे. या बायकांना काम सोपं करून दिलं तरी त्या अवघड करून घेतात. ‘इतरांनी मोजलेले नमुने पुन्हा मोजून वेळ घालवते’ असा तिला मेमो दिला. महिनाअखेर तिचा करार संपतो, तो वाढवणार नाही. तुला बाहेरून कळू नये, म्हणून लिहिलं.

संध्याताईला जयभीम. आहे तो लोभ असू दे.

तुझा
अश्विन


अमरावती
९ एप्रिल

चि. अश्विन यास आशीर्वाद.

फळ्याचं वाचलं. संध्यालाही दाखवलं. तिच्या लेकीच्या, खुशीच्या बालवाडीत असाच फळा आहे, शहाण्या मुलांना त्यावर चांदणी मिळते. खुशी साडेतीन वर्षांची आहे. तिला आता त्याचा कंटाळा आला आहे.

हॉटेलातलं जेवण चांगलं असावं. शिकवणाऱ्यानं कधी सोयाबीनचा एक दाणा ओल्या कागदात गुंडाळून पाहिला होता का, हे तू विचारलं नसशील. कोंब दिसला म्हणजे उगवलं, असं तुमच्याकडे आता धरत असतील. मूळ तुटलेला, पिळलेला कोंबही कोंबच दिसतो. तो वेगळा काढायला डोळा लागतो आणि डोळा थकतो. म्हणून दुसरी मोजणी. पहिल्या वर्षी मी एक नमुना चुकवला होता. चांदूर रेल्वे गावाकडची चाळीस एकर जमीन त्या बियाण्यावर अर्धी रिकामी राहिली. मला कोणी मेमो दिला नाही. द्यायला हवा होता.

बेबी पाचच मोजत नाही. स्वतःचे पाच मोजते आणि तुमच्या चुका काढते. तू तिच्यापासून दहा हातांवर काचेआड बसतोस, आणि सहा महिन्यांत तुला हे दिसलं नाही. तुझे बाबा म्हणत, पोरगा हुशार आहे. ते प्रेमळ होते.

करार संपवण्याआधी एक दिवस तिच्या शेजारी बसून मोज.

माझी प्रकृती बरी आहे. विचारलं नाहीस, तरी लिहिते. माया कमी झालेली नाही, माझी लिहायची रीत ही अशी आहे.

तुझी आत्या
पंचफुला


अकोला
१९ मे

ती. आत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

तुझं पत्र मनाला लागलं, म्हणून बाजूला ठेवलं. बेबीताई तीस एप्रिलला करार संपून गेली. त्यानंतरचे अकरा अहवाल बियाणे कंपनीनं परत पाठवले. आम्ही चौऱ्याऐंशी टक्के उगवण लिहिलेलं बियाणं त्यांच्याकडे अठ्ठावन्न टक्केच उगवलं. पेरणी तोंडावर आहे. मालकांनी पाच जूनपर्यंत मुदत दिली आहे. तोवर अहवाल सुधारले नाहीत तर लॅबला टाळं.

रविवारी एकटा बसून शंभर कोंब पाहिले. मी सत्याऐंशी चांगले धरले. आज सकाळी तेच जमुनाबाईला दिले, तिनं एकाहत्तर सांगितले. फळ्यावर सगळ्यांत वर तिचंच नाव असायचं. आधी असं का मोजलं नाहीस, विचारलं. म्हणाली, साहेब, तुमी सव्वीस मागितले, आमी सव्वीस देल्ले.

बेबीताई माझा फोन उचलत नाही. फाइलमधला मेमो फाडून टाकतो, करार वाढवतो, एवढं तिला तुझ्याकडून कळव. तुझं ती ऐकेल.

रागाव, पण उत्तर दे.

अश्विन


भातकुली
२६ मे

मा. अश्विन साहेब यांना बेबीताईचा नमस्कार.

तुमचं पत्र पंचफुलाबाईनं मले जसंच्या तसं पाठवलं. वरून एक ओळही लिहिली नाही. मी इथं भावाच्या वावरात वांगे तोडून राहिली. फोन उचलला नाही, कारण फोनवर तुमी बोलता अन् मी ऐकतो.

मेमो फाडू नका. सोळा वर्षांत माह्या कामाबद्दल लॅबनं लिहिलेला तो एकच कागद आहे. ही बाई दुसऱ्यायचे नमुने पुन्हा मोजते, असं त्यात तुमीच लिहिलं. खरं आहे ते. त्याच्याच खाली लिहा, का आजपासून सगळ्यायनं असंच करावं, इन्चार्जनंबी रोज दोन नमुने मोजावे. सही करा. त्याची नक्कल अन् नवा करार टपालानं पाठवा. दोन्ही हातात पडले का मी दुसऱ्या दिवशी येतो.

जमुनावर राग धरू नका. तिले मोजणं मीच शिकवलं, चांगली मोजते. तिनं तुमचं ऐकलं, एवढीच तिची चूक.

लोभाचं काय ते कागद आल्यावर पाहू.

बेबीताई