‘डॉक्टरीणबाई’ असे कोण म्हणत होते, याबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
उपाधी संरक्षण कक्ष, फिजिओथेरपी व्यवसाय नोंदणी मंडळ,
विभागीय कार्यालय, नाशिक.

अर्जदार : जयराम पुंजा कातकाडे, सेवानिवृत्त, रा. जेल रोड, नाशिक रोड.

विषय : कु. तेजस्विनी आहेर, फिजिओथेरपिस्ट, या स्वतःस डॉक्टर म्हणवून घेत होत्या काय, या प्रश्नाचे उत्तर विलंबाने सादर करणेबाबत.

संदर्भ : आपले चौकशीपत्र, दि. ९ जून २०२५, व त्याचे स्मरणपत्र.

महोदय,

संदर्भातील पत्र अर्जदारास वेळेवर मिळाले होते. पोस्टमनच्या कागदावर सही करून अर्जदाराने ते घेतले, दोनदा वाचले आणि कपाटात शब्दकोशाखाली ठेवले. उत्तर दिले नाही. पत्रात एकच प्रश्न होता व खाली ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन होते. दुसऱ्या कोणी उभ्या उभ्या खूण केली असती. अर्जदाराचा जन्म ओझरच्या कारखान्यातील वाचनालय सांभाळण्यात गेला; एका शब्दात बोलण्याचा त्यास सराव नाही. ‘नाही’ लिहावे, तर सगळी गल्ली तिला डॉक्टरीणबाई का म्हणते हे सांगणे आले. ते सांगायला बसले की पान भरे, आणि भरलेले पान वाचले की आपण शेजाऱ्यांच्याच विरुद्ध साक्ष देत आहोत असे वाटे. असे बरेच कागद फाडून झाले. स्मरणपत्र आले तेव्हा तर भीतीच वाटली.

आता सांगतो, ते असे :

१. अर्जदाराची पत्नी चंद्रभागा हिला गेल्या वर्षी पक्षाघात झाला व उजवी बाजू गेली. कु. तेजस्विनी यांनी आमच्याच गल्लीत एक खोली घेऊन उपचार सुरू केले होते. त्यांच्याकडे जाऊन काही महिन्यांत चंद्रभागा त्या हाताने गवारीच्या शेंगा मोडू लागली. पहिल्या दिवशी तिने मोडलेली गवार अर्जदाराने शिजवली. ती निबर होती, तरी खाल्ली.

२. पत्नीने पहिल्याच आठवड्यात त्यांना डॉक्टरीणबाई म्हटले. त्यांनी लगेच दुरुस्त केले, “आजी, मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे. तेजस्विनी म्हणा.” त्यावर पत्नीचे उत्तर, “मग काय झालं गं? तो मोठा डॉक्टर लांबून बघून गेला, हात तू हलवला माझा. मी तर डॉक्टरीणबाईच म्हणणार, तुला राग येवो नाय तर लोभ.” शेजारच्या गोजराबाई तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “एवढी शिकलेली पोर, अन् नुसतं नावानं हाक मारायची? लय वाईट दिसतं ते.” आमच्याकडे रीत अशी आहे, महोदय. ज्या बाईने आपले दुखणे हाती घेतले तिला नुसत्या नावाने हाक मारणे हा उर्मटपणा समजतात. ही रीत आपल्या नियमांत बसते की नाही, हे अर्जदारास ठरवता आले नाही.

३. कोपऱ्यावरचा फ्लेक्स गल्लीतील मित्रमंडळाने लावला होता. ‘डॉ. तेजस्विनी आहेर यांचे परिसरात हार्दिक स्वागत’ हा मजकूर मंडळाच्या मयूर याचा. कु. तेजस्विनी त्याच संध्याकाळी त्याच्याकडे गेल्या व फ्लेक्स उतरवण्यास सांगितले. मयूर म्हणाला, “ताई, वरती भाऊंचा फोटो आहे. तो मी उतरवला तर उद्या मंडळाला दारात कोण उभं करील?” अर्जदार तेव्हा दुधाची पिशवी घेऊन शेजारी उभा होता. दूध तापवायला घरी निघून आला. त्याच फ्लेक्सचे छायाचित्र आपल्याकडे पुरावा म्हणून आले आहे. तक्रार कोणी केली याचा तर्क करणे अर्जदारास शोभत नाही.

४. अर्जदाराकडून उत्तर न आल्याने ‘रुग्णाच्या नातेवाइकांचे काही म्हणणे नाही’ असे गृहीत धरून आपण त्यांची नोंदणी स्थगित केली. त्यांनी त्याच दिवशी स्वतः स्टुलावर चढून आपल्या खोलीवरची पाटी उतरवली. चंद्रभागेचे उपचार थांबले. तिची बोटे पुन्हा आत वळू लागली.

५. आमच्या पुढच्या गल्लीत दत्तू नावाचे गृहस्थ आहेत. ते पूर्वी व्यायामशाळेत मालिश करीत. त्यांच्या दारावर ‘फिजिओथेरपिस्ट’ अशी ठळक पाटी आहे, रात्री तिच्यात दिवा लागतो. अर्जदाराने पाटी वाचली आणि पत्नीस तिथे नेले. छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवण्याची सवय जुनी आहे. दत्तू यांनी गरम शेकाची पिशवी तिच्या उजव्या हातावर ठेवली व ते फोनवर बोलत बाहेर गेले. त्या हातास गरम-थंड समजत नाही. कु. तेजस्विनी शेक देण्याआधी पिशवी स्वतःच्या मनगटावर लावून पाहत आणि मध्ये मध्ये कातडी तपासत. दत्तू परतले तेव्हा फोड आलेले होते. ते म्हणाले, “काकू, तुम्ही सांगायचं ना!”

६. ही तक्रार घेऊन अर्जदार आपल्या कार्यालयात आला होता. खिडकीवरील कर्मचारी सौजन्याने बोलले. “काका, हा दत्तू आमच्या नोंदणीत आहे का? नाही ना? मग फाईल कुणाच्या नावाने उघडू? आमचा अधिकार नोंदणी असलेल्यांवर. तुम्ही पोलिसांत जा.” पोलिसांनी प्रकरण नोंदणी मंडळाचे असल्याचे सांगितले. नोंदणीत नाही हीच तर तक्रार आहे, हे वाक्य अर्जदारास आपला जिना उतरताना सुचले. परत वर जाण्याचे धाडस झाले नाही. कदाचित नियम समजण्यात अर्जदाराचीच चूक होत असेल.

७. मागील आठवड्यात कु. तेजस्विनी यांनी आपली नोंदणी स्वतःहून परत केली. मनमाडला मामांच्या दुकानात त्या हिशेब पाहणार आहेत. निरोप घ्यायला आल्या तेव्हा अर्जदाराने, आयुष्यात प्रथमच, कोणास नियम मोडण्याचा आग्रह केला. “आता तुझी नोंदणीच नाही, तर दत्तूसारखं तुलाही कोणी विचारणार नाही. शेजारीण म्हणून येत जा.” त्या बराच वेळ चंद्रभागेचा हात हातात घेऊन बसल्या, पण तिची वळलेली बोटे त्यांनी उलगडून दिली नाहीत. म्हणाल्या, “आजोबा, दत्तूसारखंच करायचं असतं तर मी शिकले कशाला?”

तरी विनंती की, मुदत संपली असली तरी सोबतचे उत्तर त्यांच्या फाईलमध्ये लावून घ्यावे. ती फाईल बंद झाली असल्यास बंद फाईलमध्ये लावावे. त्याने स्थगिती उठणार नाही व हातही सुटणार नाही, याची अर्जदारास कल्पना आहे. दत्तू यांच्या पाटीबद्दल काही करता आल्यास करावे. त्याबद्दल फार आशा धरलेली नाही.

उत्तर : नाही. त्यांनी स्वतःस डॉक्टर कधीही म्हणवून घेतले नाही. तसे आम्ही म्हणत होतो.

आपल्या कार्यालयास विलंबाने त्रास देणारा,
आपला नम्र,
जयराम पुंजा कातकाडे
नाशिक रोड, दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
(१) आपले चौकशीपत्र, ‘नाही’ या चौकोनात खूण करून.
(२) चंद्रभागा कातकाडे यांचे तशाच अर्थाचे निवेदन, डाव्या अंगठ्याच्या ठशासह. उपचार चालू होते तोवर त्या सही करू शकत होत्या.

ता. क. : हे पोस्टाच्या खिडकीपाशी उभे राहून लिहीत आहे, अक्षराबद्दल क्षमा असावी. सकाळी पत्नीने विचारले, “पोरगी गेली, हात गेला, आता हे कागद कुणासाठी?” अर्जदाराने कागद पिशवीत घातले. घरी परत जावे असे आत्ताही वाटत आहे. मागून कोणीतरी “बाबा, आटपा” म्हणाले. खिडकीतल्या बाईंनी पाकिटासाठी हात पुढे केला आहे. देत आहे.