पी. पी. म्हणजे पिपाणी पार्टी नव्हे

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ता. ८ मे १९७९

रा. रा. वसंतराव साडू यांस,

गणपतरावाचा सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? अक्कांचं लोणचं पोचलं. (बरणी मी फोडली असं कालिंदी त्यांना लिहील. ती फोनच्या घाईत तिनेच फोडली.) आम्ही दोघं तब्येतीने ठणठणीत आहोत. घरात आजारी काय ते एकच, तुमच्या खात्याने दिलेलं ते काळं यंत्र.

तुम्ही पुण्याच्या टेलिफोन कचेरीत असल्यामुळे तुम्हाला मुळापासून सांगतो. मी अर्ज केला तेव्हा नोकरीत होतो, आवक-जावकचं टेबल सांभाळत होतो आणि माझ्यावाचून कचेरीतलं पान हलत नव्हतं (निदान मला तसं वाटे). नऊ वर्षांनी फोन आला तो मी निवृत्त झाल्यावर तिसऱ्या महिन्यात. कालिंदीने त्यावर विणलेला रुमाल घातला, शेजारपाजारी पेढे वाटले, आणि आम्ही दोघं समोर खुर्च्या मांडून बसलो. नऊ दिवस कोणाचा फोन नाही. दहाव्या दिवशी घंटा वाजली. मी सदरा घालून उचलला, तर पलीकडून कोणी ओरडलं, "मास्तर हाईत काय? सोळा तारखेची वरात हाय!"

मास्तर म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारा मीरासाब, ब्रास बँडचा मालक. मला त्याने काका म्हणून हाक मारली, निरोपापुरता नंबर द्यायची परवानगी मागितली आणि मी, नवा फोन दिसला पाहिजे म्हणून, लगेच हो म्हटलं. त्याने हजार हँडबिलं छापली. खाली माझा नंबर आणि पुढे कंसात पी. पी. आता पी. पी. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, माणसाला बोलावून देतील, हे तुम्हाआम्हाला कळतं. पण हुपरीपासून चंदगडापर्यंतच्या वधूपित्यांनी त्याचा अर्थ काढला पिपाणी पार्टी! बँड मीरासाबचा, आणि त्या नंबरवर बसलेला पिपाणीवाला तो मी.

तेव्हापासून रोज हेच. जेवताना, पूजेला बसल्यावर, दाढीचा साबण लावल्यावर. "पी. पी. बोलतंय न्हवं? जरा वाजवून दाखवा की फोनवर!" मी खुलासा करायला लागलो की माणसं म्हणतात, "आवाजावरनं दम दिसतोय पावणं, सुपारी घ्या." चंदगडच्या एका गृहस्थाने ट्रंक कॉल लावून मला तीन मिनिटं समजावलं की माझं वय झालं असेल तर मी बसून वाजवलं तरी त्यांची हरकत नाही.

गेल्या महिन्यात तर हुपरीचे आकाराम नावाचे गृहस्थ थेट दारात आले. मी आंघोळीला गेलो होतो. त्यांनी "पिपाणीवालं हितंच ऱ्हात्यात न्हवं?" असं विचारलं आणि कालिंदीने "व्हय, बसा" म्हणून नारळ आणि पानसुपारी पदरात घेतली. घेतलेली सुपारी ऐन लग्नसराईत परत करता येत नाही म्हणे. मीरासाब आमच्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला आणि कुठून तरी एक खरा पिपाणीवाला पैदा करून त्याने वेळ निभावली. आता तो माणूस बँडात कायमचा आहे आणि पिपाणीमुळे मीरासाबला दुप्पट सुपाऱ्या येतात. पाहिलंत? बदनामी माझी आणि बरकत त्याची.

वसंतराव, स्पष्टच लिहितो, मला हेवा वाटतो. त्याला मुलीचे बाप बोलावतात, नवरदेव बोलावतात, आजरा-गारगोटीकडची माणसं त्याच्यासाठी तारखा पुढे ढकलतात. फोन वाजला की कालिंदी (जी मी कचेरीतून आलो तर मानही वर करत नसे) पदर खोचून धावते आणि भिंतीवर थाप मारून "मास्तर, तुमचा हाय!" असं ओरडते. तो येतो, माझ्या खुर्चीत बसतो, मोठमोठ्याने हसतो आणि आल्याचा चहा पितो. मला आल्याने पित्त होतं असं तिने एकतीस वर्षं ठरवून ठेवलं आहे. तर मीरासाबने स्वतःच्या फोनसाठी आठ वर्षांपूर्वीच अर्ज केला आहे, तेवढा तुम्ही वजन वापरून पुढे सरकवा, म्हणजे माझ्या घरात शांतता नांदेल.

आपला,
गणपतराव

ता. क. : वरील मजकूर मंगळवारी लिहिला, टाकायचा राहिला. मधले चार दिवस मीरासाब बँड घेऊन चंदगडकडे गेला होता. जाताना सगळ्यांना तसं कळवून गेला, त्यामुळे फोन वाजला नाही. मी दोनदा उचलून तो जिवंत आहे का ते पाहिलं. (कालिंदी म्हणते सात वेळा.) तेव्हा त्याच्या अर्जाची घाई नको. तो गठ्ठ्यात खाली गेला तरी कोणाचं काही अडणार नाही. अक्कांना हे सांगू नका.

पुन्हा ता. क. : आत्ताच मीरासाब पेढे घेऊन आला. त्याचा फोन मंजूर झाला, आठ दिवसांत तार ओढणार. म्हणाला, "काका, लई तरास दिला तुमास्नी. नव्या हँडबिलातनं तुमचा नंबर काढतो." मी म्हटलं, राहू दे की, तुझी लाइन बिघडली तर? तो हसला नाही. फक्त "बरं" म्हणाला आणि माझ्या खुर्चीत न बसता गेला.

वसंतराव, तुमच्या टेबलावर फोन असतो. एखाद्या दिवशी इकडे लावा. काम नसलं तरी चालेल. कालिंदीने उचलला तर तिची ख्यालीखुशाली नंतर विचारा, आधी "गणपतराव आहेत का?" असं जरा मोठ्याने म्हणा. मी घरीच असतो.