पहिल्या खटक्यावर

पिंपळवंडी,
४ नोव्हेंबर २०२४

ती. भरतदादास,
रत्नाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला पाच मिनिटं मिळतात आणि त्यातली तीन आई रडण्यात घालवते, म्हणून हे पत्र.

आपली पिकअप पोलीस स्टेशनातून सुटली. पावणेतीन वर्षं तिथं बाभळीखाली उभी होती. क्रेनवाल्यानं आणून अंगणात उतरवली आणि तो गेला. चावी आत जाते, पण फिरत नाही. स्टेअरिंगही लॉक झालंय, त्यामुळं ढकलायचीही सोय नाही. मी बाळासाहेब मिस्त्रींकडं गेले, तर ते म्हणाले, जिच्या धडकेत माणूस गेला त्या गाडीला मी हात लावणार न्हाई, राग मानू नको. नारायणगावचा मिस्त्री म्हणतो, गाडी इकडं आणा. कशी आणायची ते तो सांगत नाही.

आईचं डायलिसिस आता आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, मंचरला. येताना तिला एसटीत उभं राहवत नाही. गेल्या शुक्रवारी नारायणगाव स्टँडवर ती खाली फरशीवरच बसली आणि लोक वळसा घालून जात राहिले. गाडी चालू झाली तर मी चालवीन. तूच शिकवलीस, आणि शिकवताना माझ्यावर जेवढा ओरडलास तेवढा जज्जही तुझ्यावर ओरडला नसेल.

वकिलांचा फोन आला होता. अपील डिसेंबरात निघेल. धुक्यात जनावर आडवं आलं असं तुला वाटलं, माणूस आहे हे कळलंच नाही, हाच मुद्दा ते धरणार आहेत. सुटशील म्हणतात. आई त्या तारखेवर दिवस काढते आहे.

लॉक घरच्या घरी काढता येतं का, ते नीट लिही. तब्येतीला जप आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
रत्ना

तुरुंगातून,
१३ नोव्हेंबर २०२४

चि. रत्नास,
अनेक आशीर्वाद.

आईला फरशीवर बसावं लागलं हे वाचून जेवण गेलं नाही. लॉक घरी निघतं. घाई मात्र करायची नाही.

आधी बॅटरीची काळी वायर काढ. स्टेअरिंगखालच्या कव्हरला खालून तीन स्क्रू आहेत. ते काढलेस की कव्हर दोन भागांत सुटतं. ओढू नको, प्लास्टिक उन्हानं कडक झालं असेल. चावीच्या भोकात गंज सोडवायचा स्प्रे मार आणि एक दिवस तसंच राहू दे. मग एका हातानं स्टेअरिंग डावी-उजवीकडं हलकं हलवत राहा आणि दुसऱ्या हातानं चावी फिरव. स्टेअरिंगचा दाब सुटल्याशिवाय चावी फिरायची नाही. पक्कड लावू नको, चावी आत मोडेल.

चावी पहिल्या खुणेवर आली की थांब. लॉकच्या अंगाला खालून बारीक भोक आहे. त्यात सायकलचा स्पोक घालून दाब. आतली पिन दबली की चावीसकट तो नळीसारखा तुकडा बाहेर येतो. पहिल्या खुणेवर नसेल तर पिन दबत नाही, हे लक्षात ठेव. तोच तुकडा दाखवून मंचरला नवीन घे.

इथं मी कुणावर ओरडत नाही. सगळे मला गरीब समजतात.

आईला नमस्कार. दोघी एकमेकींना सांभाळा.

तुझा,
भरत

पिंपळवंडी,
२१ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चावी फिरली! तीन दिवस स्प्रे मारत होते. अंगठ्याचं साल गेलं, पण फिरली. आई खाटेवरून बघत होती. म्हणाली, भरत असता तर आत्तापर्यंत लई शिव्या दिल्या असत्या.

आता पुढं अडलंय. लॉकवरच्या खुणा पुसून गेल्यात, त्यामुळं पहिली खूण कुठली ते कळत नाही. चावी जराशी फिरवल्यावर पहिला खटका लागतो, तीच का? तिथं ठेवून स्पोक दाबला, तरी पिन हलत नाही.

लवकर कळव. मंगळवारी आईला परत एसटीनंच न्यावं लागेल. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझी,
रत्ना

तुरुंगातून,
२९ नोव्हेंबर २०२४

चि. रत्नास,
आशीर्वाद.

हो, पहिला खटका तीच खूण. तिथं इंजिन बंद असतं आणि रेडिओ चालू राहतो. मला तो खटका चांगला माहीत आहे. का माहीत आहे, ते सांगितल्याशिवाय मला पुढचं लिहिता येईना. चार दिवस कागद तसाच पडून होता.

त्या सकाळी मंचरच्या अलीकडं धुकं होतं. धडक बसली. मी थांबलोच नाही, असं कोर्टात सांगितलं. मी थांबलो होतो. चावी मागं फिरवली ती त्या खटक्यावर येऊन राहिली. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. तो मी बंद केला आणि मागून माणसाचा आवाज आला. तो बोलत होता. शब्दन् शब्द ऐकू येत होता. माझा हात दाराच्या कडीवर होता. रस्त्याला दुसरं कुणी नव्हतं. दोन मिनिटं मी तसा बसलो असेन. मग चावी पुढं फिरवली आणि निघून गेलो. त्या दिवशी मी बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवले, रत्ना. चहाही प्यायलो. तिसऱ्या दिवशी पोलीस आले, तोवर मी कुणाला काही बोललो नाही.

इथली पत्रं वाचून मग पाठवतात. वाचू देत. वकिलांना सांग, अपील मागं घ्यायचं. आईला सांगायचं की नाही ते तू ठरव. माझ्यात तेवढी हिंमत नाही.

पिन दबत नसेल तर चावी खटक्याच्या केसभर पुढं ने आणि मग दाब.

भरत

पिंपळवंडी,
१६ डिसेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न.

लॉक निघालं. तुझं पत्र आल्यावर आठवडाभर मी गाडीजवळ गेले नाही. मग मंगळवार आला, आई एसटीसाठी चपला घालून उभी राहिली, तेव्हा मनाला लागलं. परत आल्यावर लॉक काढायला बसले. केसभर पुढं नेल्यावर पिन दबली आणि तुकडा हातात आला. आत लाल माती होती आणि मेलेल्या मुंग्या. नवीन लॉक बसवलं, बॅटरी बदलली. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. मला जरासुद्धा आनंद झाला नाही.

आईनं विचारलं, भरतनं काय लिवलंय? मी सगळं वाचून दाखवलं. शुक्रवारी डायलिसिस करून निघालो तेव्हा ती म्हणाली, घरी नको, गाडी घोडेगावच्या रस्त्याला घे.

त्या धडकेत गेलेल्या सावळेरामांचं घर डिंभे धरणाच्या पलीकडं आहे. मंचरला कांद्याच्या हमालीला ते तिथून उतरायचे. त्यांच्या बायको लंकाबाई भात झोडत होत्या. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली, गाडीकडं बघितलं आणि विचारलं, हीच का? मी हो म्हणाले. आईनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, सुईच्या जागी पट्टी दाबून धरून. काही लपवलं नाही. लंकाबाई म्हणाल्या, त्यो लगीच गेला न्हाई हे मला ठाव व्हतं. डाक्टर म्हनले व्हते, तासभर जिता व्हता. तुमचा वकील जनावर जनावर म्हनत व्हता तवा मी मागं बाकावर बसले व्हते.

मला वाटलं आई त्यांचे पाय धरेल. तिनं धरले नाहीत. नंतर गाडीत म्हणाली, कोणत्या तोंडानं धरू.

लंकाबाईंनी एकच विचारलं, त्यो काय बोलत व्हता? तू ते लिहिलं नव्हतंस. आम्हाला सांगता येईना. म्हणाल्या, त्याला लिवाया सांगा. आन् तुमी परत येऊ नका.

अपील मागं घ्यायचं, असं वकिलांना कळवलं. ते चिडले. तुझं अजून सव्वा वर्ष राहिलं आहे. आई तेवढं काढेल का, ते डॉक्टर सांगत नाहीत. ती मात्र म्हणते, बराबर केलंस असं त्याला लिव.

मी काय म्हणते ते मला अजून कळलेलं नाही. पत्र लिहीत राहीन.

रत्ना

तुरुंगातून,
२६ डिसेंबर २०२४

श्रीमती लंकाबाई यांस,
पिंपळवंडीच्या भरतचा सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. माझ्या पदरचं काही घालत नाही आणि काही गाळत नाही.

ते ओरडत नव्हते. आधी म्हणाले, कोन हाय तिकडं? मग म्हणाले, भाऊ, जरा हात दे, उठतो मी. हे दोनदा म्हणाले. शिवी दिली नाही. मग म्हणाले, माझी पिशवी कुठं पडली बघ, भाकर हाय तीत. त्यानंतर मी गाडी सुरू केली. मी कुणाला तरी बोलवायला चाललोय असं त्यांना वाटलं असणार, कारण मागून त्यांनी मोठ्यानं सांगितलं, लवकर ये.

एवढंच. त्यावर मी गेलो.

भरत